फोकलेलं बी

इंग्रजी शब्दांची मुळं शोधण्याची मला जुनी खोड आहे. पण ‘ब्रॉडकास्ट’ या शब्दाचं मूळ मला सापडलं ते गंगापूरला, मामांच्या मेथीच्या वाफ्यात.

मामा बी फोकत होते. बांधावर रेडिओ ठेवलेला. मी शहरातून आलेला विद्वान, तेव्हा ज्ञान पाजळणं भागच होतं. म्हटलं, “मामा, याला इंग्रजीत ब्रॉडकास्टिंग म्हणतात.”

“कशाला? रेडिओला?”

“नाही, तुम्ही करताय त्याला!”

आणि ते खरंच होतं. ब्रॉड म्हणजे रुंद, कास्ट म्हणजे टाकलेलं. अठराव्या शतकात हा शब्द हातानं विखरून पेरलेल्या बियाण्याचा होता. १९२० नंतर रेडिओवाल्यांनी तो शेतकऱ्याकडून उसना नेला. परत करायचं नाव नाही! २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा नावात हे बी होतंच. आपण मात्र शब्द घेतला तो ‘आकाशवाणी’. १९३५ साली म्हैसूरला प्रा. गोपालस्वामींनी आपल्या खासगी केंद्रासाठी तो वापरला आणि पुढे तो सरकारी रेडिओलाही लागला. गंमत बघा, साहेबाचा शब्द मातीतला आणि कृषिप्रधान देशाचा आभाळातला! आकाशवाणी म्हटलं की मला तर आधी कंसच आठवतो.

मामांना माझ्या व्युत्पत्तीचं कौतुक वाटलं नाही. ते म्हणाले, “तिफणीचं वेगळं असतं. चाड्यावर मूठ धरली, की दाणा नळ्यातून बरोबर तासात पडतो. फोकलेलं कुठं पडंल, सांगता येत नाही. थोडं बांधावर जातं, थोडं चिमण्या खातात. म्हणून मूठ सढळ पाहिजे.”

मला एकदम उलगडा झाला. टेलिफोन म्हणजे तिफण आणि रेडिओ म्हणजे फोक!

रेडिओवर कुणीतरी सांगितलं म्हणून मामांनी त्या साली पहिल्यांदाच हरभऱ्याला बीजप्रक्रिया केली होती. हरभरा चांगला आला. पण मामांनी केंद्राला पत्र काही लिहिलं नाही. निवेदकानं शेवटी ‘नमस्कार’ म्हटलं, की तेवढे हात जोडायचे. आपलं बी गंगापुरात उगवलं, हे त्या बिचाऱ्याला कधी कळलंच नाही.

लिहिणाऱ्याचंही तेच. मूठ सोडून द्यायची. हा लेख ज्यांच्या बांधावर पडला असेल, त्यांनी तो चिमण्यांसाठी ठेवावा.