सौंसरमार्गे पोळ्याला

समजा, आज पोळा आहे. काल रात्री भोपाळला गाडीत बसलात तेव्हा तुम्ही आईला फोनवर सांगितलं होतं, सकाळच्या चहाला घरी पोचतो. नागपूरकडे जाणारा हा रस्ता तुम्हाला झोपेतही पाठ आहे. इटारसी मागे पडलं की धाराखोह-मरामझिरीचा घाट, मग बैतुल, आमला, तापीचं मुलताई. पुढे हातनापूर, घुडनखापा, चिचोंडा, तिगावचा उतार आणि मग तुमचं पांढुर्णा. चाकांचा आवाज बदलला की गाडी कुठे आहे ते डोळे न उघडता कळतं.

आज गाडी आमल्याला थांबली आहे आणि थांबूनच राहिली आहे. रात्रभर पाऊस लागलेला. बातमी डब्या-डब्यांतून सरकत तुमच्यापर्यंत येते. चिचोंडा-तिगाव घाटात रुळांवर माती आली आहे. गाडी वळवली आहे, छिंदवाड्यावरून नागपूरच्या इतवारीला जाणार.

“मंग पांढुर्णेवाल्यांनी काय करायचं?” समोरचे काका विचारतात.

“सौंसरला उतरा काका,” टीसी म्हणतात. “तिथून बस मिळते.”

सौंसर. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून पांढुर्णा आणि सौंसर एकाच जिल्ह्यात आहेत. रेल्वेच्या हिशेबात मात्र त्यांचं एकमेकांशी नातं नाही. पांढुर्णा मध्य रेल्वेवर, सौंसर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेवर. दोघांचेही विभाग नागपूरचेच, पण वेगवेगळे. रुळांवरून एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं तर नागपूर तरी गाठायचं, नाहीतर आज तुम्ही घेताय तो आमला-छिंदवाड्याचा वळसा तरी घ्यायचा. जामसावळीच्या मारुतीला जाताना तुम्ही सौंसर कितीदा पाहिलंय, पण ते बसच्या खिडकीतून. डोंगराच्या बाजूनं ते कसं दिसतं, हे तुम्हाला ठाऊक नाही.

गाडी हलते आणि ओळखीच्या रुळांपासून बाजूला वळते. जुन्नारदेव येतं, परासिया येतं. हा कोळशाचा मुलूख. कन्हान आणि पेंच या दोन नद्यांची नावं इथे खाणींना लागलेली आहेत. सायडिंगला उभ्या वाघिणींवरून काळं पाणी निथळतंय. छिंदवाड्याला गाडी बराच वेळ थांबते, तुम्ही उतरून चहा घेता. हवेत ऑगस्टमध्येही गारवा आहे, कारण तुम्ही पठारावर आहात, समुद्रसपाटीपासून पावणेसातशे मीटरच्या आसपास. नागपूर आहे सव्वातीनशेच्याही खाली. मधला सगळा उतार सातपुड्याचा आहे आणि तुमची गाडी आता तोच उतरणार आहे.

लिंगा. शिकारपूर. उमरानाला. शेतं विरळ होतात, साग दाटतो. गाडी जपून चालू लागते. भंडारकुंडजवळ ढग खाली येऊन खिडकीला टेकतात. क्षणभर बाहेर फक्त पांढरं दिसतं. तुम्ही डोळे मिटता.

डोळे उघडता तेव्हा पहिल्यांदा वास येतो. ओल्या कोळशाचा धूर आणि ब्रेकच्या तापलेल्या लोखंडाचा. मग ध्यानात येतं की डबा अरुंद झाला आहे. समोरच्या माणसाचे गुडघे तुमच्या गुडघ्यांना लागतायत. खाली लाकडी बाक, खिडकीला लाकडी झडप. डबा झुल्यासारखा डावी-उजवीकडे हलतोय. तुम्ही बाहेर डोकावता आणि डोळ्यांत कोळशाचा कण जातो. पुढे, वळणापलीकडे, वाफेचं छोटं काळं इंजिन दिसतं. त्याच्या चाकांखालचे रूळ एकमेकांपासून जेमतेम अडीच फुटांवर आहेत.

१९५५ चा ऑगस्ट आहे. तुम्ही छोट्या लाईनवर आहात.

ही लाईन बंगाल नागपूर रेल्वेनं टाकली. तुमच्या पांढुर्ण्यावरून मोठ्या लाईनची गाडी नागपूरपर्यंत धावायला लागली ती १९२० च्या दशकात. त्याच्या आधीपासून सौंसरचा माणूस गाडीत बसून नागपूरला जात होता. १९५२ मध्ये बंगाल नागपूर रेल्वेचं नाव कागदोपत्री पुसलं गेलं, आणि याच महिन्याच्या १ तारखेला दक्षिण पूर्व रेल्वे नावाचा नवा झोन जन्माला आला. डब्यात ते नाव कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. इथे अजून सगळे ‘बीएनआर’च म्हणतात.

वळण येतं. पुन्हा वळण. मोठ्या लाईनला साडेपाच फुटांचे रूळ लागतात, रुंद वळणं लागतात, म्हणजे तेवढा डोंगर फोडावा लागतो. अडीच फुटांची गाडी डोंगराच्या पोटाला पोट लावून जाते. ओढा आला की थोडं आत वळून तो अरुंद असेल तिथे ओलांडते, टेकाड आलं की त्याला वळसा घालते. म्हणून तर तिच्या खिडकीतून जंगल लांबचं दिसत नाही, हाताला लागतं. सागाची पानं झडपेवर आपटतात आणि तुमच्या बाहीवर पाणी शिंपडतं. इंजिनातून रुळांवर वाळू सोडली जाते, ओल्या लोखंडावर चाक घसरू नये म्हणून. गाडी जपून, पाऊल टाकत उतरते.

“काहो, सौंसरले उतरता?”

शेजारी एक शेतकरी बसलाय. मांडीवर गाठोडं, ते त्यानं फडक्यानं झाकून पावसापासून वाचवलंय. आत नवी झूल आहे, मठाटी आहे, शिंगांना लावायचं बेगड आहे आणि घुंगरमाळ. गाडीनं झोका घेतला की घुंगरं वाजतात आणि तो हातानं त्यांना दाबून धरतो.

“हो. मंग पुढे पांढुर्णा.”

“म्हणजे तोरणाच्या वेळेवर पोचान तुम्ही. मले बी पोचाचं हाय. बैल धुऊन ठेवा म्हणून पोराले सांगून आलो.”

पलीकडे एक आजी, पिशवीत मक्याची कणसं. एक तुमच्या हातात देते, भाजलेलं, अजून ऊन. नको म्हणायला तुमचं तोंड उघडत नाही. खिशात हात जातो, तर दोन आण्यांचं नाणं लागतं. ते पाहून ती हसते आणि मान हलवते. “पोळ्याच्या दिवशी पैसे घेऊ का लेकरा?”

खिडकीजवळ काळा कोट घातलेला एक कारकून आहे. त्याच्या मांडीवर वकिलाच्या कागदांची दप्तरं आहेत. उद्या नागपूरला हायकोर्टात तारीख आहे. हो, नागपूरलाच. १९५५ मध्ये मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर आहे, हायकोर्टही तिथेच आहे. तुमच्या शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत होतं. इथे ते एका माणसाच्या मांडीवर दोरीनं बांधून ठेवलेलं आहे.

बोलणं त्याच्याकडूनच सुरू होतं. राज्यांची पुनर्रचना करायला फाजल अली आयोग बसलाय, आता कधीही अहवाल येईल. भाषेवर राज्यं झाली तर काय, हा प्रश्न तो हवेत सोडतो.

“आपलं काय व्हायचं हाय?” शेतकरी म्हणतो. “नागपूर जिकडं, आपण तिकडं. बाजार नागपूरले, दवाखाना नागपूरले, कोर्ट नागपूरले. पोरगी दिली ते सावनेरले. नागपूर सोडून जाऊ कुठं आपण?”

सगळे मान डोलावतात. आजीही. त्या डब्यात उत्तर ठाऊक असलेले तुम्ही एकटेच आहात.

अजून चौदा महिने. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात जाईल आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहील. राजधानी भोपाळला जाईल, हायकोर्ट जबलपूरला. या गाडीच्या वाटेवरचं लोधीखेडा एका राज्यात पडेल आणि त्याच्याच पुढचं केळवद दुसऱ्यात. मुलगी सावनेरात आणि बाप सौंसरात, दोघांच्या मधून रेघ जाईल. हे सगळं तुमच्या जिभेवर आलेलं असतं. तुम्ही कणसाचा घास घेता आणि गप्प बसता.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगावीशी वाटते, आणि ती खरी आहे. रेघ पडली तरी ही गाडी थांबणार नाही. पुढची जवळपास साठ वर्षं ती इतवारीहून निघेल, सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर करत डोंगर चढेल. सौंसरची संत्री नागपूरच्या बाजारात जातील, पोरं नागपूरला शिकायला जातील, लेकी पोळ्याला माहेरी येतील. घराघरांत मराठी बोलली जाईल, शाळेत हिंदी शिकली जाईल आणि दोन्ही एकाच तोंडात सुखानं नांदतील.

“ते पाहा,” आजी म्हणते.

गाडी वळते आणि धूर बाजूला होतो. कड्यावरून कुकडीखापाचा धबधबा कोसळतोय, पावसानं फुगलेला, लालसर. साठेक फुटांवरून पडणारं पाणी गाडीच्या आवाजालाही झाकतं. डब्यातलं बोलणं थांबतं. कारकुनानं दप्तरांवरचा हात काढून झडपेवर ठेवलाय. शेतकऱ्यानं घुंगरं दाबून धरणं सोडलंय आणि ती मोकळी वाजतायत. इथून रोज जाणारी ही माणसं रोज हे बघतात आणि तरी बघतात.

धबधबा मागे जातो. जंगल सरतं, काळी माती दिसू लागते, कपाशीच्या ओळी, संत्र्यांच्या बागा. पुढे रामाकोना आणि कन्हान नदी. सकाळी खाणींच्या पाट्यांवर जिचं नाव वाचलंत, तीच ही नदी, डोंगर उतरून तुमच्या आधी इथे पोचलेली. गाडी पुलावर चढते. चाकांचा आवाज पोकळ होतो.

पुलाच्या मध्यावर गुडघ्यांना गुडघे लागणं थांबतं.

डबा पुन्हा रुंद झालाय. समोर भोपाळहून निघालेले काका डुलक्या घेतायत. तुमच्या खिशात मोबाईल आहे, त्यावर आईचे तीन मिसकॉल. बोटांना भाजलेल्या कणसाचा वास येतोय की नाही, हे तुम्हाला नक्की ठरवता येत नाही.

मधल्या वर्षांचा हिशेब आता डोक्यात आपोआप लागतो. २०१५ च्या शेवटी छोटी लाईन बंद झाली. रूळ उखडले गेले आणि काही वर्षं सौंसरच्या स्टेशनात गाडीची शिटी वाजली नाही. मग छिंदवाडा-नागपूरची जवळपास दीडशे किलोमीटरची वाट टप्प्याटप्प्यानं मोठी झाली. सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो भंडारकुंड-भीमालगोंदीच्या घाटानं. डोंगर शेवटपर्यंत आपलं म्हणणं मांडत होता. २४ एप्रिल २०२३ ला छिंदवाड्यामार्गे जाणाऱ्या रीवा-इतवारी गाडीला हिरवा झेंडा मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तुमचा जिल्हा झाला. छोट्या गाडीचे डबे आणि इंजिनं पाहायची असतील तर नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथे त्या बाकावर बसून पाहा. गुडघ्यांना जागा किती कमी होती आणि बोलायला किती जास्त, ते कळतं.

सौंसर येतं. तुम्ही उतरता. फलाट लांब आहे, वर विजेच्या तारा आहेत. पाऊस थांबलाय. स्टँडवर पांढुर्ण्याची बस उभी आहे आणि तिच्यात निम्मे लोक तुमच्याच गाडीतले.

बसमध्ये तुमच्या शेजारच्या बाईच्या पिशवीतून घुंगरांचा आवाज येतो. लाकडी नंदी आहे, चाकांचा, नातवासाठी. उद्या तान्हा पोळा. “उशीरच झाला,” ती म्हणते, “पण बरं झालं या बाजूनं आलो. किती वर्षांनी धबधबा दिसला.” तिचं माहेर रामाकोन्याचं. लग्न होऊन पांढुर्ण्यात आली तेव्हा छोट्या गाडीनं सौंसरपर्यंत आणि पुढे बसनं. म्हणजे आज तुम्हाला वळसा वाटला, तो तिचा सरळ रस्ता होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्यांच्या बागा जातात, फळं अजून हिरवी. पळसाच्या डहाळ्या डोक्यावर घेऊन पोरं गावाकडे चाललीत. उद्या जाम नदीत गोटमार, दगडफेकीचा खेळ, पांढुर्णा एका काठावर आणि सावरगाव दुसऱ्यावर. पलीकडचा काठ नेहमी समोरून पाहायची सवय लागलेल्या गावात तुम्ही वाढलात. सातपुड्याचंही तसंच झालं होतं. त्याची तिगावकडची बाजू तुम्हाला पाठ होती. दुसरी बाजू तुमच्याच जिल्ह्यातली, तुमच्याच बोलीतली, आणि ती पाहायला घाटात माती यावी लागली.

पांढुर्ण्यात पोचता तेव्हा ऊन उतरलंय. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल ओळीनं उभे आहेत, शिंगांवर बेगड, पाठीवर झुली. वाजंत्री सुरू आहेत. गर्दीतून आई पुढे येते.

“एवढा उशीर काहून? आलास कुठून?”

“सौंसरवरून,” तुम्ही म्हणता. “डोंगरातून.”

ती तुमच्या बाहीकडे बघते, सागाच्या पानाचा ओला डाग झटकते आणि बैलाला ओवाळायला ताट उचलते.