राउटरमधली रांग: नेट फास्ट असूनही कॉल का अडकतो?

या भागाचा विषय तुम्हीच दिलाय. "राउटर कुठला घेऊ?", "प्लॅन वाढवला तरी नेट अडकतं, काय करू?" असे प्रश्न सारखे येतात. उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण त्यामागची गोष्ट जवळपास चाळीस वर्षांची आहे आणि ती कळली की उत्तर पाठ करावं लागत नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी माझी चूक सांगतो. 2021. मी हॉलमध्ये ऑफिसच्या कॉलवर, आतल्या खोलीत धाकट्या बहिणीचं ऑनलाइन कॉलेज. प्लॅन 100 एमबीपीएसचा, पण अपलोड जेमतेम 10. रोज संध्याकाळी माझा आवाज तुटायचा, आणि नेमकी तेव्हाच ती प्रोजेक्टचे व्हिडिओ अपलोड करत असायची. एकदा महत्त्वाच्या कॉलमध्ये मी तीन वेळा बाहेर फेकला गेलो. डोकं फिरलं. तिच्यावर ओरडलो आणि सरळ वायफायचा पासवर्ड बदलला. त्या रात्री तिचं सबमिशन हुकलं.

नंतर मी प्लॅन 200 चा केला. अपलोड तेवढंच राहिलं आणि कॉलही तसाच अडकत राहिला. स्पीड टेस्ट मात्र मस्त! मी बीटेक, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, आणि मला हे कळत नव्हतं. पुढे जे वाचलं त्यातून समजलं की दोष बहिणीचा नव्हताच. दोष रांगेचा होता.

1986: 365 मीटर आणि सेकंदाला पाच अक्षरं

ऑक्टोबर 1986. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कले विद्यापीठ. दोघांमधलं अंतर 400 यार्ड, म्हणजे साधारण 365 मीटर. त्यांच्यामधला डेटाचा वेग एके दिवशी सेकंदाला 32 हजार बिट्सवरून 40 बिट्सवर कोसळला. आठ बिट्सचं एक अक्षर धरलं तर सेकंदाला पाच अक्षरं. चालत जाऊन कागद देऊन आलं असतं तर लवकर झालं असतं!

केबल तुटली नव्हती, कुठलं मशीन बंद नव्हतं. झालं असं की पॅकेट वेळेत पोचलं नाही की पाठवणारा कॉम्प्युटर तेच पॅकेट पुन्हा पाठवायचा. रस्ता आधीच भरलेला, त्यात ही डुप्लिकेट पॅकेटं. मग अजून उशीर, अजून डुप्लिकेट. सगळे जीव तोडून पाठवतायत आणि पोचत काहीच नाही.

गंमत म्हणजे जॉन नेगल या इंजिनिअरने याचा इशारा 1984 मध्येच लेखी दिला होता. 1985 मध्ये त्याने आणखी एक टिपण लिहिलं. प्रश्न साधा होता: नेटवर्कमधल्या यंत्रांना अमर्याद मेमरी दिली, म्हणजे एकही पॅकेट जागेअभावी टाकावं लागणार नाही, तर गर्दीचा प्रश्न सुटेल का? उत्तर: नाही. रांग इतकी लांब होईल की पॅकेटचा नंबर लागेपर्यंत त्याची मुदत संपलेली असेल. जागा वाढवून गर्दी कमी होत नाही, फक्त ताटकळणं वाढतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1986 च्या कोसळण्यामागचं कारण व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स यांनी शोधलं, आणि 1988 मध्ये जेकबसनचा प्रसिद्ध पेपर आला. त्यातला उपाय आजही तुमच्या फोनमध्ये वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. सुरुवात हळू करा, पोच मिळत गेली की वेग वाढवा, आणि पॅकेट गळालं की समजा रस्ता भरलाय, लगेच वेग कमी करा. कुणी ट्रॅफिक पोलीस नाही, प्रत्येक कॉम्प्युटर आपणहून मागे सरतो. इंटरनेट वाचलं ते या समजूतदारपणामुळे.

पण यात एक अट आहे. रस्ता भरला की पॅकेट वेळेवर गळायला हवं. ते गळणं हाच निरोप. निरोप उशिरा आला तर पाठवणारा वेग वाढवतच राहणार.

मेमरी स्वस्त झाली आणि निरोप हरवला

राउटर, मोडेम, सगळ्यांत पॅकेटं तात्पुरती ठेवायला थोडी जागा असते. तिला बफर म्हणतात. ती लागतेच, कारण पॅकेटं एकसारखी येत नाहीत, झुंडीने येतात. पण पुढे मेमरी स्वस्त होत गेली. "पॅकेट गळणं वाईट, मग बफर मोठा ठेवू" असा विचार करून उपकरणांमध्ये भरपूर जागा टाकली गेली. नेगलचं 1985 चं टिपण कुणाच्या लक्षात राहिलं नाही. 1993 मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी रांग भरायच्या आधीच काही पॅकेटं टाकायची पद्धत सुचवली होती. पण तिची सेटिंग्ज जमवणं किचकट होतं, त्यामुळे घरगुती उपकरणांपर्यंत ती फारशी आलीच नाही.

2010 मध्ये जिम गेटीस यांना हे स्वतःच्या घरात दिसलं. हे बेल लॅब्समधले इंजिनिअर, एक्स विंडो सिस्टिमच्या मूळ निर्मात्यांपैकी एक. घरून मोठी फाइल पाठवताना त्यांनी पिंग मोजला, तर एक सेकंदाच्या वर! फाइल थांबवली की पिंग पुन्हा जागेवर. म्हणजे इतका अनुभवी माणूसही माझ्यासारखाच घरच्या नेटवर चिडला होता. फरक एवढाच की त्यांनी पासवर्ड न बदलता शोध घेतला. या दुखण्याला त्यांनी नाव दिलं, बफरब्लोट. फुगलेला बफर.

आता माझ्या घराचं गणित करू. अपलोड 10 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक कोटी बिट्स. समजा मोडेममध्ये एक एमबीचा बफर आहे, म्हणजे सुमारे 80 लाख बिट्स. बहिणीचा व्हिडिओ तो भरून टाकतो. माझ्या आवाजाचं एवढंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं आणि 0.8 सेकंदाने बाहेर पडतं. बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. मग माझा कॉल अडकणारच. आणि स्पीड टेस्ट? ती सेकंदाला किती डेटा गेला ते मोजते. रांग कितीही लांब असो, दाराशी धार सारखीच वाहते, त्यामुळे आकडा झकास.

आपल्याकडे ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याही वेगाचीच आहे. 2004 च्या धोरणात किमान 256 केबीपीएस, 2013 मध्ये 512, आणि 2023 पासून 2 एमबीपीएस. जाहिरातीतही तोच आकडा. "नेट भरलेलं असताना किती उशीर होतो?" हे प्लॅन घेताना कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

पंढरपूरची बारी आणि 5 मिलिसेकंद

2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तेच व्हॅन जेकबसन, 1986 नंतर 26 वर्षांनी, नवा उपाय घेऊन आले. नाव कोडेल. रांग किती लांब आहे हे बघायचंच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते बघायचं. हा वेळ 100 मिलिसेकंद सलग 5 मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर पॅकेट टाकायला सुरुवात करायची. हरवलेला निरोप पुन्हा वेळेवर पोचू लागला.

त्याच वर्षी एरिक ड्यूमाझे यांनी यात आणखी एक भाग जोडून ते लिनक्समध्ये आणलं. पंढरपूरला गेला असाल तर पटकन कळेल. तिथे पदस्पर्शाची बारी वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. दोन्ही एकाच बारीत घातल्या, तर लांबून हात जोडून निघणाऱ्यालाही तासन्‌तास उभं राहावं लागेल. इथेही तसंच. प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी आणि सगळ्यांना आळीपाळीने संधी. व्हिडिओची रांग लांब असली तरी कॉलचं छोटं पॅकेट पटकन निघून जातं. आळीपाळीची ही कल्पनाही नेगलच्या 1985 च्या टिपणात होती, बरं का!

हे घरच्या राउटरपर्यंत पोचलं त्यात स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे. 2003 मध्ये लिंकसिस कंपनीच्या एका लोकप्रिय राउटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांनी शोधलं आणि परवान्याच्या अटींमुळे कंपनीला कोड खुला करावा लागला. त्यातून 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा खुला प्रकल्प सुरू झाला. पुढे डेव्ह टॅट आणि सोबत्यांनी साध्या घरगुती राउटरवर प्रयोग करून बफरब्लोटवरचे उपाय घासूनपुसून तयार केले. टॅट 2025 मध्ये गेले. त्यांचं नाव फार लोकांना माहीत नाही, पण असंख्य कॉल त्यांच्यामुळे नीट चालतात.

मग आपण काय करायचं?

एक: आधी मोजा. लॅपटॉपला लॅन केबल लावा, पिंग चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोड करा. फास्ट डॉट कॉमवर "अधिक माहिती" उघडली तर रिकाम्या आणि भरलेल्या नेटची लेटन्सी वेगवेगळी दिसते. केबलवरही पिंग उडाला तर रांगेचा प्रश्न आहे. केबलवर ठीक आणि वायफायवर वाईट, तर प्रश्न हवेतला आहे.

दोन: रांगेचा प्रश्न असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस शोधा. मोजलेल्या वेगाच्या 85 ते 90 टक्के मर्यादा घाला, अपलोडला आणि डाउनलोडलाही. थोडा वेग मुद्दाम का सोडायचा? कारण रांग सर्वांत अरुंद जागी लागते, आणि ती जागा बहुधा मोडेममध्ये असते. तिथे आपलं काही चालत नाही. मर्यादा थोडी खाली ठेवली की रांग आपल्या राउटरमध्ये लागते आणि आपल्या नियमाने चालते. राउटरमध्ये अशी सोय नसेल, तर फोटोंचा बॅकअप रात्रीवर ढकला आणि क्लाउड ॲपमध्ये अपलोडची मर्यादा लावा.

तीन: हवेतला प्रश्न असेल तर आधी राउटर टीव्हीच्या मागून काढा. घराच्या मध्यावर, उंच, उघड्यावर ठेवा. 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा अमेरिकेने 1985 मध्ये आणि भारताने 2005 मध्ये परवान्याशिवाय खुला केला. म्हणून वायफाय स्वस्त झालं, आणि म्हणूनच तिथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळ्यांची झुंबड आहे. तिथे 1, 6 किंवा 11 यांपैकी कमी गर्दीचं चॅनल निवडा आणि रुंदी 20 मेगाहर्ट्‌झ ठेवा. जवळचे लॅपटॉप-फोन 5 गिगाहर्ट्‌झवर न्या. एका जागी बसणारा टीव्ही किंवा पीसी सरळ केबलवर.

प्लॅन वाढवणं सगळ्यांत शेवटी.

मी जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं आणि अपलोडची मर्यादा 9 वर ठेवली. अपलोड चालू असताना आधी पिंग 700 च्या वर जायचा, तो 25 च्या आसपास थांबला. पैसे लागले शून्य. मग बहिणीला बोलावलं आणि म्हटलं, "तू व्हिडिओ टाक, मी कॉल लावतो." दोन्ही एकत्र चाललं. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "सॉरी राहू दे दादा, त्या सबमिशनचे पाच मार्क गेले माझे."

ते मार्क काही परत येणार नाहीत. पण तुमच्या घरी आज संध्याकाळी नेट अडकलं तर कुणावर ओरडण्याआधी दहा मिनिटं काढून पिंग मोजा. आकडा काय आला ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!