कांसाचे रान आणि पोलादी नांगर

शरद ऋतूचे वर्णन करू लागले की संस्कृत कवींना काशपुष्पांची आठवण हटकून होते. पावसाळा सरतो, आकाश निवळते, नद्यांचे पाणी उतरू लागते आणि काठाकाठाने हे उंच गवत पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांनी फुलून येते. कालिदासाने 'ऋतुसंहारा'त शरदाला नववधूच्या रूपात उभे केले, तेव्हा तिला वस्त्र दिले ते याच फुलांचे. बंगालमध्ये तर काशफुले डोलू लागली म्हणजे दुर्गापूजा जवळ आली असे मानतात. परंतु झांशी, सागर, दमोह, भोपाळ या मुलखातील शेतकऱ्याला आपल्या शेतात हाच तुरा दिसला, तर त्याच्या मनात काव्य उमटत नसे. शेत हातचे चालले, एवढाच त्याचा अर्थ त्याला कळत असे. काश या शब्दाचे त्याच्या बोलीत 'कांस' झाले होते, आणि त्या नावात कौतुकाचा लेशही नव्हता.

दख्खनच्या काळ्या जमिनीतील शेतकऱ्याला कुंदा आणि हरळी यांचा जाच ठाऊक आहे. कांस ही त्याच जातीची, पण अधिक दांडगी आपत्ती होय. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे गवत उसाचे रानटी भावंड. त्याचे बी रेशमासारख्या केसांवर तरंगत वाऱ्याने दूरवर जाते. एकदा रुजले की जमिनीखाली आडवी खोडे पसरू लागतात. या खोडांच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो आणि प्रत्येक डोळ्यातून नवे रोप उठू शकते. खरी मुळे तर कित्येक फूट खाली उतरतात. गुरे फक्त कोवळे कोंब खातात; गवत जून झाले म्हणजे छपरे शाकारणे आणि दोर वळणे यांपलीकडे त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

असे गवत कापून काढावे ही कल्पना साहजिकच सर्वांना प्रथम सुचते. विळ्याने कापून पाहिले, आग लावून पाहिली. आगीनंतर पहिल्या सरीसरशी नवे कोंब पूर्वीपेक्षा जोमाने वर येत. आज ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाची गवतकापणीची उत्तम यंत्रे मिळतात. त्यांपैकी 'फ्लेल मोवर' या यंत्रात आडव्या फिरत्या दांड्याला बिजागरीसारखी लोंबती पोलादी पाती लावलेली असतात. ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या बळावर दांडा वेगाने फिरू लागला की पाती बाहेर फेकली जातात आणि गवत, काटेरी झुडपे, बोटभर जाडीच्या फांद्या यांचा भुगा करून तो जागीच पसरतात. वाटेत धोंडा आला तर पाते मागे दुमडते, सहसा मोडत नाही. युरोपातील शेतकरी दोन दांडकी कातड्याने एकत्र बांधून त्यांनी धान्य झोडपीत; त्या अवजाराचे नाव या यंत्राला मिळाले आहे. रस्त्याच्या कडा, फळबागा, पडीक माळ यांसाठी हे यंत्र फार सोयीचे. पण त्याचा अंमल जमिनीच्या पृष्ठभागापर्यंतच चालतो, आणि कांसाचा जीव त्याच्या खाली असतो. मध्य भारतातील शेतकऱ्याजवळ तर तेही नव्हते. त्याच्याजवळ होता वखर. बुंदेलखंडात त्याला 'बखर' म्हणतात, अवजार तेच. काळ्या जमिनीची वरची दोन-चार बोटे खरडून रबीची पेरणी करण्यास ते पुरेसे होते; कांसाला मात्र त्याच्याने केवळ ओरखडा पडे.

याचा अर्थ असा नव्हे की कांस नेहमीच सर्वत्र माजत असे. दरवर्षी जमीन नियमाने कसली जात होती, तोवर तो शेताच्या बांधावर दबून राही. गावावर संकट आले की तो आत शिरे. लागोपाठ दोन-तीन वर्षे पीक बुडाले, बैल मेले, माणसे पोटामागे निघून गेली, की मागे पडलेली जमीन एक-दोन पावसाळ्यांत त्याच्या ताब्यात जाई. सागर आणि दमोह या जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात असेच झाले. तांबेऱ्याने आणि अवर्षणाने गहू गेला, मग दुष्काळ आला, आणि गव्हाची प्रसिद्ध शेते कांसाखाली बुडाली. जिल्ह्यांच्या गॅझेटियरांतून ही हकीकत कोरड्या सरकारी भाषेत नोंदलेली आहे. ती वाचताना बाजीरावाला छत्रसालाकडून मिळालेला मुलूख, गोविंदपंत बुंदेल्यांनी बसविलेले सागर आणि तेथे पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे यांचे स्मरण मराठी माणसाला झाल्यावाचून राहत नाही.

या हकीकतीत गवताइतकाच दोष साऱ्याच्या पद्धतीकडेही जातो. जमाबंदी एकदा ठरली की ती वीस-तीस वर्षे चालावयाची, हा इंग्रजी महसुलाचा कणा होता. पंजाबात किंवा दुआबात तो नियम खपून गेला. पण जेथे आज पिकणारे शेत पाच वर्षांनी रान होते आणि आणखी दहा वर्षांनी पुन्हा शेत होऊ शकते, तेथे ठरीव सारा म्हणजे कांसावरच कर बसविण्यासारखे होते. तो कर गवत भरीत नसे. सावकाराकडून कर्ज काढून शेतकरी भरी. झांशी जिल्ह्यातील जमीनदार इतके बुडाले की १८८२ साली त्यांच्या कर्जबाजारी जमिनींसाठी निराळा कायदा करावा लागला, आणि १९०३ मध्ये बुंदेलखंडातील जमिनी सावकारांच्या हाती जाऊ नयेत म्हणून आणखी एक. लागवडीखालील क्षेत्र कमीजास्त होईल तसा सारा थोड्या थोड्या वर्षांनी फेरतपासण्याची रीत तेथे सुरू झाली तीही त्याच सुमारास. जे पहिल्याच दुष्काळात कळावयास हवे होते ते कळण्यास तीन पिढ्या लागल्या.

शेतकऱ्याने स्वतः शोधलेला उपाय एकच खरोखर परिणामकारक होता. जबलपूर आणि नरसिंहपूरकडच्या सखल काळ्या पट्ट्याला 'हवेली' म्हणतात. तेथे शेताला चारही बाजूंनी उंच बांध घालून सबंध पावसाळाभर पाणी कोंडून ठेवीत आणि आश्विनात ते सोडून देऊन गहू पेरीत. महिनोन्महिने पाण्याखाली राहिलेला कांस गुदमरून मरे. पण त्यासाठी जमीन सपाट हवी, बांध घालण्याइतका पैसा हवा आणि वरच्या शेतातले पाणी खालच्याने मुकाट्याने वाहू दिले पाहिजे. ज्यांना यातले काही लाभले नाही त्यांनी एका समजुतीवर भरवसा ठेवला होता: कांस बारा-पंधरा वर्षे राज्य करतो आणि मग आपोआप ओसरतो. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. जुन्या कांसाचा जोर कमी होतो हे अधिकाऱ्यांनीही नोंदविले आहे. मात्र बारा वर्षे थांबण्याची ऐपत असलेला शेतकरी विरळाच.

१९४७ साली परिस्थिती पालटली. फाळणीमुळे पश्चिम पंजाबचा गहू आणि सिंधचा तांदूळ देशाबाहेर गेला. शिधावाटपाची दुकाने चालू ठेवण्यासाठी परदेशातून धान्य आणावे लागे आणि त्यासाठी दुर्मिळ परकीय चलन खर्ची पडे. अशा वेळी मध्य भारतातील लक्षावधी एकर काळी जमीन गवताखाली पडून आहे, ही गोष्ट दिल्लीच्या नजरेत भरली नसती तरच नवल. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या सामानात साखळीच्या पट्ट्यांवर चालणारे अवजड ट्रॅक्टर होते. विमानतळ आणि रस्ते बांधण्यासाठी ते आणलेले होते. ते विकत घेऊन, दुरुस्त करून भारत सरकारने 'सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन' उभी केली. युद्धाची यंत्रे शेतीकडे वळविण्याचे हे काम कागदावर जितके सुरेख दिसते तितके प्रत्यक्षात नव्हते. जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळत नसत, आणि ऐन हंगामात एक भाग तुटला की सबंध यंत्र रानात उभे राही.

म्हणून नवे ट्रॅक्टर घ्यावयाचे ठरले आणि त्यासाठी जागतिक बँकेकडे मागणी गेली. बँकेने भारताला दिलेले पहिले कर्ज ऑगस्ट १९४९ मधले, रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलरचे. दुसरे, १ कोटी डॉलरचे, सप्टेंबरच्या अखेरीस मंजूर झाले, ते शेतीच्या यंत्रांसाठी, म्हणजे मुख्यतः कांस उपटण्यासाठी. स्वतंत्र भारताने आंतरराष्ट्रीय कर्ज काढले त्यातले दुसरेच कर्ज एका गवतापायी होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. योगायोग असा की कर्जाच्या करारापूर्वी थोडेच दिवस आधी रुपयाचे अवमूल्यन झाले. आधी ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास पडणारा डॉलर ४ रुपये ७६ पैशांना पडू लागला. रुपयांच्या हिशेबात तेच यंत्र जवळजवळ दीडपट महाग झाले. पुढे कर्जाची सगळी रक्कम उचललीही गेली नाही. तरी दोनशेहून अधिक नवे अवजड ट्रॅक्टर त्यातून आले.

काम कसे चाले तेही पाहण्यासारखे आहे. काळी जमीन पावसाळ्यात चिखल होते. तीत यंत्र रुतते. म्हणून रबी हंगामापासून वैशाख-ज्येष्ठापर्यंतचे कोरडे महिनेच हाती असत. ट्रॅक्टरांच्या तुकड्या तंबू, डिझेलची पिंपे आणि फिरती कर्मशाळा बरोबर घेऊन गावोगाव फिरत. पोलादी नांगर फूटभर खोल जाई आणि तडकलेल्या जमिनीची पाटासारखी ढेकळे उलथून टाकी. ढेकळांबरोबर कांसाची आडवी खोडे उताणी पडत. यापुढचे काम यंत्राचे नव्हते, उन्हाचे होते. दोन-अडीच महिने मध्य भारताचे ऊन त्या खोडांवर तापले म्हणजे ती वाळून काष्ठ होत. हंगाम चुकला, पाऊस लवकर आला, तर उलटलेले तुकडेच पुन्हा रुजत आणि एकाची दहा रोपे होत. जून महिन्याशी शर्यत लावून केलेली ही नांगरणी होती.

एक शेत सोडून शेजारचे नांगरले तर उपयोग नसे, कारण कांस बांध ओळखत नाही. म्हणून पट्टेच्या पट्टे एकदम हाती घ्यावे लागत, आणि तेथे जमिनीच्या मालकाच्या इच्छेचा प्रश्न आला. मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे नागपूरच्या विधिमंडळात, १९४८ साली कांस-निर्मूलनाचा कायदा झाला. भोपाळ राज्याने १९५४ मध्ये आपला कायदा केला. सरकारने क्षेत्र जाहीर करावे, जमीन ताब्यात घेऊन नांगरावी आणि खर्च शेतकऱ्याकडून हप्त्यांनी वसूल करावा, असा या कायद्यांचा रोख होता. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण आपल्या शेतात खरोखर कांस आहे काय, असला तर तो आपल्या बैलांनी निघणार नाही काय, हे विचारण्याची संधी शेतकऱ्याला मिळावी की नाही? भोपाळच्या कायद्यावरून हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नांगरलेल्या शेताचे बिल हाती पडल्यावर न्यायालयाची पायरी चढणारा शेतकरी कृतघ्न होता असे म्हणणे सोपे आहे. त्या काळी कचेऱ्यांतून तसे म्हटलेही जात असावे. परंतु ज्याच्या नावावर हप्ता बसतो त्याचे ऐकून घेतल्याने जून महिना काही लवकर येत नाही.

या सगळ्या धामधुमीत दक्षिणेत एक वेगळीच गोष्ट चालू होती. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस-पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी दक्षिणेतील जाड, रसाळ उसाचा संकर याच रानटी कांसाशी केला आणि त्यातून 'को २०५' ही जात तयार होऊन १९१८ मध्ये बाहेर पडली. उत्तरेची थंडी, पाण्याची ओढ आणि दलदल सोसण्याचा चिवटपणा तिला कांसाकडून मिळाला. उत्तर भारतातील साखर कारखानदारी ज्या उसांवर वाढली त्यांच्या वंशावळीत, आणि पुढे महाराष्ट्रात रुळलेल्या कोइमतूरच्या अनेक जातींतही, हा पूर्वज आहे. भोपाळकडे ट्रॅक्टर कांस उलथीत होते त्याच सुमारास कोइमतूरचे संशोधक देशभर हिंडून त्याच्या निरनिराळ्या प्रकारांची रोपे जतन करण्यासाठी गोळा करीत होते.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन गुंडाळण्यात आली. तोवर तिने दहा लाख एकरांहून अधिक जमीन नांगरून दिली होती. त्यातील पुष्कळ जमीन गव्हाखाली आली आणि राहिली. पण जेथे शेतकऱ्याजवळ चांगले बैल नव्हते, किंवा गावात माणसेच थोडी होती, तेथे काही वर्षांत कांस परतला. खोल नांगरणी एकदाच होत होती. त्यानंतर दरवर्षी वेळेवर पाळी घालणे हे ज्याचे त्याने करावयाचे होते, आणि त्यासाठी लागणारे भांडवल योजनेच्या अंदाजपत्रकात कोठेच नव्हते. पुढे सत्तरच्या दशकापासून या मुलखात सोयाबीन आले. पूर्वी पावसाळ्यात मोकळी पडणारी काळी राने आता खरिपातही कसली जाऊ लागली, लहान ट्रॅक्टर गावोगाव झाले, आणि कांसाला शेतात शिरण्याची उसंतच मिळेना.

नर्मदेच्या काठी बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर चालविण्याचे शिक्षण देणारे केंद्र निघाले होते. ते आज केंद्रीय संस्था म्हणून चालू आहे, आणि १९५९ पासून भारतात विकले जाणारे ट्रॅक्टर तेथे तपासले जातात. २०१८ साली पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्ली येथे भाताचा पेंढा जाळू नये म्हणून केंद्राने यंत्रांना अनुदान सुरू केले, त्यांत पेंढ्याचा भुगा करणारी आणि झुडपे छाटणारी, ट्रॅक्टरला जोडावयाची यंत्रेही आहेत. कांस मात्र अजून आहे: सागरच्या ओढ्यांच्या कडेला, रेल्वेच्या भरावावर, पडीक सरकारी जमिनीवर. आश्विनात तो फुलतो.