राख, चिंच आणि शहाबादी फरशी

मागच्या महिन्यात मामेबहिणीचा यवतमाळहून फोन आला. "दादा, न्हाणीतल्या फरशीवर पांढरे चट्टे पडलेत. काही केल्या जात नाहीत. कशाने घासू?" आधी काय टाकलं होतं विचारलं तर म्हणाली, बाथरूम साफ करायची बाटली. मस्त फेस आला होता म्हणे!

तो फेस मळाचा नव्हता. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर ॲसिड पडलं की दगडच विरघळतो आणि कर्बवायू फसफसत बाहेर पडतो. चट्टे म्हणजे खाल्ला गेलेला दगड, ते आता कशानेही धुतले जायचे नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला खरं तर हे सांगावं लागू नये. आपल्याच वणी तालुक्यात राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. चुनखडी भाजून चुना करणं हा तिथला जुना धंदा.

फोन ठेवल्यावर दारव्ह्याकडचं आजीचं घर डोक्यात घोळत राहिलं. तिथे साफसफाईचं सामान विकत असं फारच थोडं येई. तरीही कशाला काय लावायचं याचे नियम कडक होते.

जमीन मातीची, म्हणून शेणाचं सारवण. भिंती चुन्याच्या. त्या धुवायच्या नसतातच, दिवाळीआधी चुन्याचा नवा हात मारायचा. ओला चुना जहाल, किडामुंगीला न मानवणारा, आणि वाळताना हवेतला कर्बवायू ओढून पुन्हा दगड होणारा. भांड्यांना चुलीतली राख. आपल्याकडे चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या जळत. त्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. तेलकट भांड्यावर ते साबणासारखं काम करतात, आणि राखेचे बारीक कण घासायचं काम करतात. पितळेचा गुंड आणि तांब्याचा गडवा मात्र राखेने नुसता स्वच्छ होतो, चकाकत नाही. वरचा काळपट थर आंबटानेच निघतो, म्हणून त्याला चिंच. कल्हईच्या गंजाला आतून चिंच नाही आणि खरखरीत राखही नाही. चाळलेली राख, तीही हलक्या हाताने, कारण कथलाचा थर तो केवढासा! रेशमी लुगड्याला राख किंवा सोडा लागला की संपलं. त्याला रिठ्याचं पाणी.

आजीला आम्ल-अल्कली हे शब्द माहीत नव्हते. पण तिचा पहिला प्रश्न कायम "भांडं कशाचं आहे?" हाच असे.

बाहेरून येणारी वस्तू म्हणजे धुण्याचा सोडा. त्याचाही वऱ्हाडाशी जुना संबंध आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यातून सोड्याचे क्षार काढत. पापडी, दल्ला अशी त्यांची नावं. अकबराच्या काळातल्या 'ऐन-इ-अकबरी'तही लोणारकडे काच आणि साबणाचं सामान मिळतं अशी नोंद आहे. आपल्या भागात सोडा लागायचंही कारण होतं. विहिरींचं पाणी जड, त्यात साबणाला फेस येत नाही, नुसता चोथा होतो. पाण्यात आधी सोडा टाकला की त्यातला चुना खाली बसतो आणि मग साबण लागतो.

पुढे घरातल्या वस्तूच बदलल्या. जर्मनची भांडी आली (अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात, का ते विचारू नका). त्यांना राख नि सोडा चालेना, भांडी काळी पडू लागली. पण चिंच टाकून पाणी उकळलं की पुन्हा उजळत. तेवढं शहाणपण बायांनी आपणच शोधलं असणार. मग स्टील आलं आणि सगळंच सोपं झालं. 1969 मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेलांनी निरमा काढला, आणि पुढच्या वर्षांत पिवळी पावडर खेड्यापाड्यांत पोचली. मातीच्या जमिनीवर शहाबादी आली, ओट्याला काळा कडप्पा, नंतर मोझॅक. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच, आणि मोझॅकमध्ये सिमेंट नि संगमरवराची खडी. म्हणजे तिन्हींना आंबट वर्ज्य. कडप्प्यावर लिंबू पिळून ठेवलं तरी डाग पडतो. ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल्स त्या मानाने सोशिक. (टाइल्सच्या मधल्या सांध्यांत सिमेंट असतं, ते मात्र खातंच.)

माझी तक्रार इथे आहे. दुकानातल्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत खोलीचं नाव असतं, बाथरूम, किचन, टॉयलेट. दगडाचं नाव असलं तरी मागच्या बारीक अक्षरांत. बहिणीने बाथरूमची बाटली बाथरूममध्येच वापरली, तिचं काय चुकलं? तिच्या शहाबादीला कोमट पाणी आणि थोडा साधा साबण पुरे होता.

फरशीचं ठीक आहे, जिवाचं काय? ॲसिडहल्ल्यांच्या संदर्भात, लक्ष्मी यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं आणली. पण संडास साफ करायच्या बऱ्याच बाटल्यांत पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड आजही असतं, आणि शेजारी ब्लीचिंग पावडरचा पुडाही असतो. दोन्ही एकत्र आली की क्लोरिन वायू निघतो. एप्रिल 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला जर्मन सैन्याने सोडला होता तोच. बंद न्हाणीत तो थोडासाही पुरतो. वास आला तर घासत बसू नका, आधी बाहेर या, दार उघडं टाका. आणि या दोन वस्तू एका दिवशी काढूच नका.