शाळेच्या अंगणातील माती

पावसाळा सरल्यावर घाटमाथ्यावरील एखाद्या खेड्यात जाणाऱ्यास तेथील शाळेच्या अंगणात एक देखावा हमखास दिसतो. पायरीची जी खालची धोंड ज्येष्ठात जमिनीला टेकलेली असते, ती अश्विनात वीतभर अधांतरी झालेली असते. आंब्याची मुळे उघडी पडलेली असतात, आणि मुले जेथे हुतुतू खेळतात तेथे नुसता मुरूम उरलेला असतो. डोंगर म्हटला की माती जायचीच, असे म्हणून गाव मोकळे होते. परंतु माती धरून ठेवण्याची विद्या आमच्या लोकांस ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. मग ती शेतातून निघून शाळेच्या दारापर्यंत का पोचली नाही, हा प्रश्न आम्हास महत्त्वाचा वाटतो.

उतारावर दगडांच्या ताली रचून मागे साठलेल्या मातीत पीक घेण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. जोतीराव फुले यांनी इ. स. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात सरकारने रिकाम्या लष्करी व पोलीस शिपायांकडून ताली-बंधारे घालवून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल, अशी सूचना केली होती. पुढे १९३३ पासून सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन चालले, १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, आणि १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी बांध घातले.

हा इतिहास अभिमानास्पद खरा. पण त्याचा सारा रोख देशावरच्या अवर्षणाकडे आहे. तेथे थेंब न् थेंब अडवावयाचा असतो. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी, जेथे वर्षाचा सरासरी पाऊस ५,००० मिलिमीटरांहून अधिक, तेथे पाण्यास वाट द्यावयाची असते व अडवावयाची असते ती केवळ माती. हा भेद लक्षात न घेता देशावरचा मातीचा बांध जसाच्या तसा घाटात नेला, तर मागे पाणी तुंबते, भराव फुगतो आणि बांधासकट सर्व काही खाली येते. शिवाय शाळेच्या अंगणात पीक निघत नाही, म्हणून त्याच्या मातीचा कैवार घेणारा शेतकरीही कोणी नाही.

या अंगणाची घडणच नाजूक असते. डोंगराची वरची बाजू तासावयाची, ती माती खालच्या अंगास लोटावयाची, आणि त्या सपाटीवर इमारत उभी करावयाची. म्हणजे अर्धे अंगण अस्सल जमिनीवर व अर्धे कालच्या भरावावर. त्यावर मुलांच्या पायांनी गवत टिकत नाही. शंभर चौरस मीटरांच्या छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १०,००० लिटर पाणी पागोळ्यांनी एकाच रेषेत कोसळते. डोंगरावरून येणारे पाणी त्याहून निराळे.

यास्तव पहिले काम इमारतीच्या वरच्या अंगास चर खणून डोंगराचे पाणी बाजूच्या ओढ्यास लावण्याचे, व दुसरे पागोळीखाली दगडांची फरसबंदी करून तिचे पाणी त्याच चराला किंवा दुसऱ्या पक्क्या नाल्याला जोडण्याचे. खालच्या कडेस सुक्या दगडांची ताल घालावी; तिच्या सांध्यांतून पाणी झिरपते व माती मागे राहते. पाणी निघण्यास भोके न ठेवलेली सिमेंटची भिंत दिसावयास भारदस्त, पण तिच्या पोटात पाणी साचले की ती आपणहून पुढे झुकते. उद्‌घाटनाचे फलक मात्र अशाच भिंतींवर लागतात.

याहून स्वस्त उपाय वाळ्याचा. ज्याच्या मुळ्या आपण माठात टाकतो व ज्याचे पडदे उन्हाळ्यात भिजवितो, तेच हे गवत. त्याची मुळे बहुतांशी सरळ खाली, तीन-तीन मीटरपर्यंतही जातात. वर दाट ठोंबांची भिंत होते, तिच्यातून पाणी गाळून जाते व माती मागे थांबून हळूहळू पायरी तयार होते. फिजी बेटांतील उसाच्या मळ्यांत १९५० नंतरच्या दशकात जॉन ग्रीनफील्ड याने हे करून पाहिले, आणि १९८० नंतर जागतिक बँकेच्या द्वारे हा उपाय पुन्हा भारतात शिकविला गेला. कर्नाटकात गुंडलुपेटकडील शेतकरी मात्र बांधावर वाळा पूर्वीपासूनच लावीत होते! घरचे रत्न परदेशी फिरून आल्यावाचून आम्हास दिसत नाही. एक सावधगिरी हवी: मुळ्यांस बाजारात दाम आहे, आणि सुगंधासाठी त्या खणून काढल्या की कुंपण गेले व सैल झालेली मातीही गेली.

ठोंब उताराच्या समपातळीत, वीतभराच्या अंतराने लावावेत. मध्ये एक जरी फट राहिली तरी सारे पाणी तेथूनच उसळते. लावणीचा काळ मृगाच्या पहिल्या पावसाचा, म्हणजे नेमका शाळा उघडण्याचा. पहिली दोन वर्षे मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावावे लागतात, आणि कोणते मेले हे मे महिन्याच्या सुटीत, शाळेस कुलूप असताना, कोणीतरी जाऊन पाहावे लागते.