ल्हासा

थंडी पडली की वर्ध्यात तिबेटी स्वेटरवाल्यांच्या दुकानांसोबत ‘ल्हासा’ हा शब्दही कानावर येऊ लागतो. तिबेटी भाषेत ‘ल्हा’ म्हणजे देव, ‘सा’ म्हणजे भूमी. सुमारे ३६५० मीटर उंचीवर, क्यीचू नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या शहराचं जुनं नाव मात्र ‘रासा’. त्याचा एक अर्थ शेळ्यांची जागा. सातव्या शतकात, राजा सोंगत्सेन गाम्पोच्या काळात जोखांग मंदिर बांधताना तळं बुजवायला शेळ्यांनी पाठीवरून माती वाहिली, अशी कथा सांगतात. मंदिर झालं आणि शेळ्यांची जागा देवभूमी ठरली. त्या मुक्या जिवांचे कष्ट कथेनं जपले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नथुलातला ‘ला’ मात्र या ‘ल्हा’हून वेगळा, तो म्हणजे खिंड. ‘ल्हा’मधला हकार महत्त्वाचा, कोल्हापूर म्हणणाऱ्या जिभेला तो सहज जमतो.

१९५९नंतर तिबेटी निर्वासितांसोबत ‘ल्हासा’ हा शब्द हिमालय उतरला. १९७२मध्ये गोठणगावजवळ, आताच्या गोंदिया जिल्ह्यात, नोर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत वसली. आज बाजारात ‘ल्हासाचं स्वेटर’ म्हटलं, तरी माल बहुतेक लुधियानाचा असतो. नावातलं ल्हासा विकणाऱ्यांच्या मुलखाचं.