लहान विमान, लांबचा पल्ला

एकट्या माणसाने लहानशा विमानात बसून देशोदेशी प्रवास करावा, हे व्यवहारात कितपत साधते? १९३० साली या प्रश्नाची कसोटी लागली. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्याने प्रथम पुरा करणाऱ्या हिंदी वैमानिकास आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते.

तिघे पुढे आले. मनमोहन सिंग व अस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाले, जे. आर. डी. टाटा कराचीहून. विमान 'जिप्सी मॉथ': उघडे, दोन बैठकांचे, सुमारे शंभर अश्वशक्तीचे, ताशी पंचाऐंशी मैलांच्या आसपास जाणारे. अंतर सुमारे पाच हजार मैल. म्हणजे साठ तासांचे उड्डाण. बोटीचे दोन-तीन आठवडे कुठे आणि हा आठवड्याचा हिशेब कुठे!

पण हिशेब कागदावर राहतो आणि विमानाला वारा, धुके, वाळवंट यांतून जावे लागते. मनमोहन सिंग पोचले, पण ठरलेली मुदत उलटून गेली होती. सतरा वर्षांचे अस्पी मिसर देशात अबूकीर येथे स्पार्क प्लगांवाचून अडून बसले. एवढीशी वस्तू, पण तिच्यावाचून सारे यंत्र निरुपयोगी! तेवढ्यात समोरून येणारे टाटा तेथे उतरले. त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. ११ मे रोजी अस्पी कराचीस उतरले आणि बक्षीस त्यांनी जिंकले.

हेच टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी 'पुस मॉथ' या लहान विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला आले. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. पावसाळ्यात जुहूच्या चिखलात उतरणे अशक्य, म्हणून तळ आपल्या पुण्याच्या येरवड्यास हलवावा लागे. एवढे करून टपाल वेळेवर पोचू लागले.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर काय? लहान विमान लांबचा पल्ला गाठते, यात संशय नाही. परंतु साहसाचा प्रवास नित्याचा व्हायचा, तर जमिनीवर पेट्रोल, सुटे भाग, कोरडे मैदान आणि हवामानाची वार्ता तयार हवी. आम्ही आकाशातल्या एकट्या वीराकडे पाहून टाळ्या वाजवतो. पण तो खरा एकटा नसतो. बैलगाडी हाकणारा त्याच्या प्रवासात असतो, आणि अबूकीरला तर त्याचा प्रतिस्पर्धीही होता.